मामा उठले, तर भाच्याला जागा मिळेल का?



गेल्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि मांडवाच्या कडेला चहा घेत आम्ही पाचसात जण बसलो. त्यात एक मामा होते. साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षे काढलेली, नोकरीची दोन वर्षे उरलेली. शेजारी त्यांचा सख्खा भाचा. बी. ए. झालेला, चार वर्षे भरतीच्या परीक्षा देणारा. बोलता बोलता भाचा म्हणाला, "मामा, तुमच्यासारख्यांनी आता घरी बसावं. तुम्ही उठाल तेव्हा आम्हाला बसायला जागा होईल."

कोणी हसले नाही. मामांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "उठतो रे बाबा. पण बॉयलर सांभाळायला तुला शिकवणार कोण?"

वाचकहो, हा वाद तुमच्याही घरी झाला असेल. एका बाजूला पोरगा, पुस्तके उशाला घेऊन झोपणारा. दुसऱ्या बाजूला म्हातारपणाकडे झुकलेला कर्ता माणूस, पोरीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग खरे काय? वयस्करांचे काम कमी केले, तर तरुणांना काम मिळते का?

हा प्रश्न आपल्यालाच पडला आहे असे नाही. आपल्यापेक्षा श्रीमंत देशांनी त्यावर पैसा खर्चून प्रयोग करून पाहिले आहेत. त्यातला जर्मनीचा प्रयोग आज तुम्हाला सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जर्मनीत १९९० नंतर बेकारी वाढत गेली. १९९७ साली त्या देशात चाळीस लाखांहून अधिक माणसे बेकार होती. कारखान्यात पन्नाशी ओलांडलेले कामगार आणि फाटकाबाहेर तरुण पोरे, असे चित्र होते. तेव्हा तिथल्या सरकारने १९९६ साली एक कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९६ पासून लागू झाला. त्यांच्या भाषेत त्याला 'आल्टर्सटाइलत्साइट' म्हणतात. आपण त्याला वयस्करांची अर्धी नोकरी म्हणू.

कल्पना साधी होती. ज्याचे वय ५५ झाले, त्याने मालकाशी करार करून आपले कामाचे तास निम्मे करावेत. आता तुम्ही म्हणाल, निम्मे काम म्हणजे निम्मा पगार. मग घर कसे चालायचे? त्याचीही सोय होती. समजा एखाद्याच्या हाती महिन्याला शंभर रुपये पडत होते. अर्ध्या कामाचे पन्नास झाले. त्यावर मालकाने भर घालावी आणि सुरुवातीच्या वर्षांत निदान सत्तर रुपये तरी हाती पडावेत, असा नियम होता. पेन्शनसाठी जो हप्ता भरायचा, तोही पन्नासाच्या नव्हे तर नव्वदाच्या हिशेबाने भरायचा. म्हणजे म्हाताऱ्याचे पुढचे दिवसही कोरडे जाऊ नयेत.

मालक ही भर पदरची का घालील? तर इथे खरी गोम आहे. रिकाम्या झालेल्या अर्ध्या जागेवर मालकाने एखादा नोंदलेला बेकार माणूस किंवा नुकताच उमेदवारी संपवलेला तरुण घेतला, तरच सरकार त्याला ती भर परत देत असे. लहान कारखान्यात, जिथे पन्नासपर्यंतच माणसे आहेत, तिथे एखादा नवा उमेदवार शिकायला घेतला तरी चालत असे. नवा माणूस नाही, तर परतावा नाही. जागा रिकामी झाली एवढ्यावर सरकार खूष होत नव्हते. ती भरली का, हे विचारत होते.

कागदावर ही योजना किती देखणी दिसते पाहा. सकाळी म्हातारा यंत्रावर उभा, दुपारी तरुण. मधल्या वेळी दोघे एकत्र. म्हाताऱ्याने सांगावे, "हा आवाज वेगळा येतोय, बेअरिंग जाणार आहे," आणि पोराने कान देऊन ऐकावे. चारपाच वर्षांत म्हाताऱ्याची पाठ मोकळी आणि पोराचा हात तयार.

पण मंडळी, माणूस कुठलाही असो, कायद्यातून आपली पायवाट काढतोच. तिथेही तसेच झाले. अर्धे तास करायचे, पण ते कसे वाटायचे हे मालक आणि कामगार मिळून ठरवू शकत होते. मग बहुतेकांनी असे केले: पाच वर्षांचा करार असेल तर पहिली अडीच वर्षे पूर्ण वेळ काम करायचे आणि पुढची अडीच वर्षे सरळ घरी बसायचे. सरासरी निम्मी! कामगाराला ते सोयीचे, कारण रोज अर्धा दिवस जाण्यायेण्यापेक्षा एकदाचे सुटलेले बरे. मालकालाही सोयीचे, कारण एका यंत्रावर दोन अर्धी माणसे सांभाळण्याचा त्रास नाही.

परिणाम काय झाला? एक म्हणजे म्हाताऱ्याच्या जागी तरुण आला, तो म्हातारा कारखान्याच्या बाहेर पडल्यावर. ज्यासाठी अर्ध्या नोकरीची युक्ती काढली, ते शेजारी उभे राहून शिकवणे बाजूलाच राहिले. दुसरे असे, की सगळ्या जागा पुन्हा भरल्याच गेल्या नाहीत. पुष्कळ मोठ्या कारखान्यांनी सरकारी परतावा न घेता, माणसे गुपचूप कमी करण्यासाठी ही सोय वापरली. म्हातारा सन्मानाने घरी गेला, आरडाओरडा झाला नाही, आणि जागा कायमची मिटली. फाटकाबाहेरचा पोरगा फाटकाबाहेरच.

तिसरा परिणाम तर डोळ्यांना दिसत नाही, पण खिशाला जाणवतो. तिकडे म्हाताऱ्यांची पेन्शन चालू कामगारांच्या पगारातून कापलेल्या हप्त्यातून दिली जाते. माणसे लवकर घरी बसू लागली की पेन्शन खाणारे वाढतात आणि हप्ता भरणारे घटतात. १९९७ साली हा हप्ता पगाराच्या शेकडा २०.३ वर गेला होता. निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. आता नवा माणूस ठेवायचा तर मालकाला त्याच्या पगारावर हा बोजाही उचलावा लागतो. मग तो दहाच्या जागी आठच माणसे ठेवतो. म्हणजे म्हाताऱ्याला लवकर उठवण्याचा खर्च फिरून तरुणाच्याच ताटातून वळता होतो.

अखेर ३१ डिसेंबर २००९ नंतर सुरू होणाऱ्या नव्या करारांना सरकारी परतावा बंद झाला. मालक आणि कामगारांना आपसात असा करार करण्याची मोकळीक राहिली, पण सरकारी तिजोरीतून भर नाही. उलट २००७ साली त्याच देशाने पेन्शनचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर न्यायचा कायदा केला आणि २०१२ पासून ते वाढू लागले.

आता खरी गंमत पुढे आहे. म्हाताऱ्यांना जास्त दिवस कामावर ठेवले म्हणजे तरुणांची बेकारी भडकायला हवी होती, नाही का? भाच्याचा हिशेब तसाच होता. पण झाले भलतेच. २००० साली जर्मनीत ५५ ते ६४ वयाच्या शंभर माणसांपैकी सुमारे ३७ जण कामावर होते. २०१९ साली ७० हून अधिक. आणि तरुणांची बेकारी? २००५ साली शेकडा १५ च्या आसपास होती, ती २०१९ साली शेकडा ६ च्या आसपास आली. म्हातारेही कामावर आणि तरुणही कामावर!

यामागे इतर कारणेही होती. तिथला माल परदेशी खपला, कामगारांचे कायदे बदलले, जन्मदर घटल्याने तरुणांची संख्याही आवरती राहिली. पण म्हातारा कामावर राहिला म्हणून तरुण बेकार झाला असे घडले नाही, एवढे निश्चित. जोनाथन ग्रूबर आणि डेव्हिड वाइझ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने बारा देशांचा असाच अभ्यास झाला. तो २०१० साली पुस्तकरूपाने निघाला. त्यातही हेच आढळले, की ज्या देशांत म्हातारे जास्त काम करतात तिथे तरुणांचे काम त्यामुळे कमी होत नाही.

हे कसे, ते शेतातल्या उदाहरणाने पाहू. पाच एकर जिरायत आहे. बाजरी, तूर, मटकी. घरात बाप आणि दोन पोरे. पेरणी आणि काढणीचे दिवस सोडले तर तिघांना पुरेल एवढे काम नाही. तेव्हा घरात कुरबूर होते, "आबा, तुम्ही कशाला येता शेतात, आम्ही आहोत की." आता त्याच पाच एकरांत विहिरीला पाणी लागले. दीड एकर ऊस, अर्धा एकर भाजी, दारात चार दुभत्या गाई. मग काय होते? पहाटे धार काढायला एक, बारे द्यायला एक, बाजाराला एक. आबांना कोणी घरी बसा म्हणत नाही. उलट सुनेला, नातवालाही हाक जाते. जमीन तेवढीच, माणसे तेवढीच, पण काम तिप्पट झाले.

म्हणजे काम हे एका टोपलीतल्या मोजक्या भाकरींसारखे नाही, की आबांनी एक कमी खाल्ली म्हणजे पोराला एक जास्त मिळाली. कामातून काम निघते. कमावणारा म्हातारा बाजारात खर्च करतो, त्यातून दुकानदाराचे, शिंप्याचे, गवंड्याचे काम निघते. जाणता फिटर असला म्हणजे कारखान्याला दुसरे यंत्र घेता येते, आणि त्या यंत्रावर नवा पोरगा लागतो. भाकरीचा हा चुकीचा हिशेब माणसे फार दिवसांपासून करत आली आहेत. डेव्हिड श्लॉस नावाच्या एका इंग्रज अभ्यासकाने १८९१ सालीच ही चूक दाखवून तिला नाव दिले होते.

तर मग भाचा अगदीच चुकला का? नाही मंडळी, इथे जरा थांबले पाहिजे. नाहीतर आपण पोरावर अन्याय करू.

इटलीत काय झाले ते ऐका. डिसेंबर २०११ मध्ये त्या देशाची तिजोरी संकटात होती. सरकारने पेन्शनचे वय एकदम वाढवले. ती घोषणा करताना मंत्री एल्सा फोर्नेरो यांना पत्रकारांसमोर रडू कोसळले होते. ज्यांचे घरी जायचे दिवस जवळ आले होते, ती माणसे पुन्हा काही वर्षे कामावर अडकली. पुढे टिटो बोएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले, तेव्हा असे दिसले की ज्या कारखान्यांत अशी अडकलेली माणसे जास्त, तिथे तरुणांची भरती कमी झाली. वर मंदीही होतीच. २०१४ साली इटलीत नोकरी शोधणाऱ्या शंभर तरुणांपैकी चाळिसांहून अधिक बेकार होते.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. १९९८ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. ज्यांना त्या वर्षी उठायचे होते ते आणखी दोन वर्षे बसले. मंजूर पदांची संख्या कागदावर ठरलेली, त्यामुळे वयाने रिकाम्या होणाऱ्या जागा तेवढ्या काळापुरत्या थांबल्या. त्या दोन वर्षांत ज्या पोराचे वय भरतीच्या मर्यादेबाहेर गेले, त्याला काम टोपलीतल्या भाकरींसारखे नसते हे सांगून काय उपयोग? त्याची भाकरी गेली ती गेलीच.

तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या हंगामापुरते बोलायचे तर शेत तेवढेच, विहीर तेवढीच, आणि एकाने जागा अडवली तर दुसऱ्याला बसता येत नाही. पण दहा वर्षांचा विचार केला तर नवी विहीर खोदता येते. ज्या घरात म्हातारा उठवण्यावरच भांडण चालते आणि विहीर खोदायचे कोणी नाव काढत नाही, त्या घरात म्हातारा उठला तरी पोराचे पोट भरत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून उद्या कोणी पुढारी गावात येऊन म्हणाला, की निवृत्तीचे वय कमी करतो आणि पोरांना नोकऱ्या देतो, किंवा कोणी उलट सांगितले की वय वाढवल्याने पोरांचे काहीच बिघडत नाही, तर त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला: रिकामी झालेली जागा भरण्याची सक्ती आहे का? सक्ती नसेल तर ती जागा मिटणार. इंग्लंडने १९७७ ते १९८८ पर्यंत अशी एक योजना चालवली. पेन्शनला टेकलेल्या माणसाने लवकर घरी जायचे, त्याला सरकारने भत्ता द्यायचा, पण मालकाने बेकारांच्या यादीतला एक माणूस घ्यायचा, अशी अटच होती. अट होती म्हणून निदान एकास एक असा हिशेब तरी मांडता आला.

दुसरा: खर्च कोण भरणार? घरी बसलेल्याचे पैसे कुठून तरी येतात. ते नव्या माणसाच्या पगारातूनच कापले जाणार असतील, तर एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा: शिकवणार कोण? मामांचा प्रश्न हाच होता. जर्मनीत तरुणांची बेकारी शेजारच्या देशांपेक्षा कमी राहिली, त्याचे एक मोठे कारण तिथली उमेदवारी आहे. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात जाणत्या कारागिराजवळ काढतो. तीन-साडेतीन वर्षांनी तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात नुसता कागद नसतो, कसबही असते. ज्याच्या हाती कसब आहे, त्याला म्हातारा उठण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता घरातले बोलू. कारण हा प्रश्न कारखान्यात आहे, तसा आपल्या शेतातही आहे. फ्रान्सने १९६२ साली एदगार पिझानी हे शेतकीमंत्री असताना एक कायदा केला. वृद्ध शेतकऱ्याने जमीन कसणे सोडून ती तरुण हातात किंवा शेजारच्या अपुऱ्या शेताला जोडायला दिली, तर त्याला तहहयात भत्ता मिळू लागला. तिथेही अट तीच. नुसते बसायचे नाही, जमीन पुढच्या हातात गेली पाहिजे.

आपल्याकडे असा भत्ता नाही. पण अर्धी नोकरी आपल्या घरात बिनकायद्याची चालू करता येते. तुमचा मुलगा पंचविशीचा झाला, तरी कोणते बियाणे घ्यायचे, ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, गाय कोणती विकायची, हे सगळे तुम्हीच ठरवता का? मग त्याला शेतात काम आहे, पण धंदा नाही. तो शहराकडे पळतो आणि तुम्ही म्हणता, पोराला मातीची लाज वाटते. त्याला दोन एकर तोडून द्या. कागदावर नको, कारभारात. नफा-तोटा त्याचा, हिशेबाची वही त्याची. तुम्ही बांधावर उभे राहा. चुकला तर सांगा, पण हातातले खुरपे काढून घेऊ नका. त्या जर्मन कामगारांनी जे केले नाही ते करा. अडीच वर्षे सगळे आपल्या मुठीत आणि मग एकदम काशीयात्रा, असे नको. रोज थोडे सोडा, रोज थोडे शिकवा.

माउलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. दुधाचा हिशेब, बियाणे राखणे, गाभण गाईची पारख ही तुमच्याजवळची विद्या आहे. सुनेच्या हाती नुसते शेण-पाणी देऊ नका, किल्ली आणि वहीही द्या.

आणि पोरांनो, तुम्हाला एकच सांगणे. परीक्षा द्या, जरूर द्या. पण सरकारी मंजूर पदे ही मोजकी टोपली आहे, तिच्यापुढे लाखो हात आहेत. त्या टोपलीकडे पाहत वय घालवू नका. परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच एखाद्या जाणत्या हाताजवळ बसून एक कसब शिका. पंप दुरुस्ती असो, वीजजोडणी असो, कलमे बांधणे असो. निकाल लागला तर उत्तम. नाही लागला तरी हात रिकामे राहणार नाहीत.

त्या दिवशी मांडवातून निघताना मी मागे वळून पाहिले. भाच्याने मामांचा निवलेला चहा टाकून दुसरा आणून दिला होता. मामा त्याला दोन बोटे वर करून काहीतरी सांगत होते. बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीचे असावे. भाचा ऐकत होता. मामांची दोन वर्षे अजून बाकी आहेत, आणि दोन वर्षांत पुष्कळ शिकवून होते.